हद्द आणि माणूस : निको टिनबर्गेन
द्वितीय वर्ष, कला

मानसशास्त्राच्या तासाला सहजप्रवृत्तींचा भाग चालू होता. सरांनी फळ्यावर खडूने एक मासा काढला आणि सांगितले की, या माशाचे दोन नर काचेच्या एकाच पेटीत सोडले, तर ते पेटीची दोन भागांत वाटणी करतात आणि मग एकमेकांना आपल्या भागात पाऊल टाकू देत नाहीत. माशाचे पाऊल ऐकून वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही.

आमच्या घरी गेली अकरा वर्षे एका बांधावरून खटला चालू आहे. माझे वडील आणि माझे सख्खे चुलते यांच्या वावरांमधला बांध कोणी कोरला, एवढाच त्यातला प्रश्न. बांध हातभर रुंदीचा. त्या हातभर मातीपायी दोन घरांचे बोलणे बंद आहे, आणि ज्या चुलतबहिणीबरोबर मी लहानपणी एका ताटात जेवले, तिच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. गावातली जाणती माणसे म्हणतात, हे असेच चालायचे. कुत्रेदेखील आपल्या आळीत दुसरे कुत्रे येऊ देत नाही, मग माणसाचे काय? सरांचा मासा पाहून मला वाटले, जाणत्यांचेच खरे असणार. भांडण जर रक्तातच असेल, तर त्याला इलाज नाही.

तास संपल्यावर मी सरांना हे विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. ज्या शास्त्रज्ञाने त्या माशाचा अभ्यास केला, त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले आणि मला ग्रंथालयात पाठवले. ते नाव होते निकोलास टिनबर्गेन. त्यांच्याविषयी जे वाचले, ते माझ्या वाचकमित्रांना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

निको टिनबर्गेन यांचा जन्म 15 एप्रिल 1907 रोजी हॉलंडमधील द हेग या शहरी झाला. वडील शाळेत डच भाषेचे शिक्षक. पाच भावंडांत निको तिसरा. घर शिक्षकाचे, म्हणजे पैशाने बेताचे, पण पुस्तकांनी आणि बोलण्याने भरलेले. थोरला भाऊ यान पुढे अर्थशास्त्रज्ञ झाला आणि 1969 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा ते ज्या दोघांना मिळाले त्यांतला एक होता. निकोचे लक्ष मात्र पुस्तकात फारसे नसे. हॉकी खेळावी, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर भटकावे, पक्षी पाहावेत, हा त्याचा छंद. घराच्या परसात त्याने काचेच्या दोन लहान पेट्या मांडल्या होत्या आणि त्यांत ओढ्यातले मासे आणून सोडले होते. दर वसंतात हे मासे घरटे बांधीत आणि हा मुलगा तासन्‌तास ते पाहत बसे. सरांनी फळ्यावर काढलेला मासा तो हाच!

शाळा संपल्यावर निकोला विद्यापीठात जावेसे वाटत नव्हते. 1925 मध्ये वडीलधाऱ्यांनी त्याला बाल्टिक समुद्राकाठी रोसिटेन येथील पक्षी-निरीक्षण केंद्रावर पाठवले. तेथे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे आकाशातून जाताना त्याने पाहिले आणि परत येऊन लायडन विद्यापीठात जीवशास्त्राला नाव घातले. पुढे 1932 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांचा विषय होता मधमाश्यांची शिकार करणारी एक गांधीलमाशी. वाळूत बीळ करून राहणारी ही माशी दूरवर उडून गेल्यावर आपले बीळ पुन्हा कसे शोधते? टिनबर्गेन यांनी एका बिळाभोवती पाइन वृक्षाच्या सुक्या फळांचे कडे मांडले. माशीला त्याची सवय झाल्यावर ती बाहेर गेलेली असताना त्यांनी ते कडे थोडे बाजूला सरकवले. माशी परतली ती बिळाशी नव्हे, तर त्या कड्याच्या मध्यभागी उतरली. ती खुणा लक्षात ठेवते, हे सिद्ध झाले. या साध्या, बिनखर्चाच्या प्रयोगांवर त्यांनी जो प्रबंध लिहिला, तो अवघा 32 पानांचा होता.

त्याच वर्षी त्यांचे एलिझाबेथ रुटेन यांच्याशी लग्न झाले आणि हे नवे जोडपे पूर्व ग्रीनलंडच्या बर्फात राहायला गेले. सुमारे चौदा महिने ते इन्युइट लोकांमध्ये राहिले. हद्दीचा प्रश्न टिनबर्गेन यांच्यासमोर ठळकपणे उभा राहिला तो येथे.

त्याआधी 1920 मध्ये एलियट हॉवर्ड या इंग्रज पक्षीनिरीक्षकाचा पक्ष्यांच्या हद्दींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. विणीच्या दिवसांत नर पक्षी एक जागा धरतो, गाऊन ती जाहीर करतो आणि दुसऱ्या नराला तेथून हुसकतो, हे हॉवर्ड यांनी दाखवून दिले होते. विशेष म्हणजे तोच नर हद्दीबाहेरच्या मोकळ्या रानात त्याच शेजाऱ्याबरोबर गुण्यागोविंदाने दाणे टिपतो. म्हणजे वैर शेजाऱ्याशी नसते. ते जागेशी आणि हंगामाशी जोडलेले असते. टिनबर्गेन यांनी ग्रीनलंडमध्ये स्नो बंटिंग या चिमणीएवढ्या पक्ष्याचा अभ्यास केला आणि बर्फ पुरते वितळण्याआधीच नर आपापल्या जागा कशा धरतात, याची बारीक नोंद केली.

पण त्यांनी तेथे केलेली मला सर्वांत आवडलेली नोंद आहे ती कुत्र्यांची. इन्युइट लोकांच्या घसरगाड्या ओढणारी कुत्री टोळ्याटोळ्यांनी राहतात आणि प्रत्येक टोळी आपली हद्द राखते. टोळीतल्या पिल्लांना मात्र या हद्दी समजतच नाहीत. ती सगळीकडे हुंदडतात, परक्या हद्दीत जाऊन चावे खातात, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडेच जातात. तीच पिल्ले वयात आली, की आठवड्याभरात हद्दी शिकतात आणि स्वतः राखू लागतात. हे वाचताना मला आमची दोघींची लहानपणची आठवण आली. बांध ओलांडून आम्ही दिवसातून दहा वेळा इकडून तिकडे जात होतो. तेव्हाही तो बांध तेथेच होता.

ग्रीनलंडहून परतल्यावर टिनबर्गेन लायडनला शिकवू लागले आणि बालपणीच्या माशांकडे पुन्हा वळले. या माशाचे नाव स्टिकलबॅक. बोटभर लांबीचा, पाठीवर तीन काटे असलेला. वसंत ऋतू आला, की नराचे पोट तांबडे होते. तो उथळ पाण्यात जागा धरतो, तळाशी वाळूत खळगा करतो आणि शेवाळाच्या तंतूंचे घरटे बांधतो. मादीने त्यात अंडी घातली, की त्यांची राखण नरच करतो. या काळात दुसरा तांबडा नर दिसला, की तो त्याच्यावर धावून जातो.

टिनबर्गेन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी माशांच्या खोट्या प्रतिकृती केल्या. हुबेहूब माशासारखी, पण तांबडे पोट नसलेली प्रतिकृती पाण्यात सोडली, तर नर तिची फारशी दखल घेईना. माशासारखा आकारही नसलेला ओबडधोबड तुकडा खालून तांबडा रंगवून सोडला, तर मात्र तो त्यावर तुटून पडे. प्रयोगशाळेच्या खिडकीशी या पेट्या ओळीने ठेवलेल्या होत्या. रस्त्यावरून टपालाची तांबडी मोटार गेली, की सगळे नर काचेकडे झेप घेत, अशी गमतीची आठवण टिनबर्गेन यांनी नोंदवली आहे. नंतर इतर संशोधकांनी हे प्रतिकृतींचे प्रयोग करून पाहिले, तेव्हा प्रत्येक वेळी तेच फळ मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला ज्यात सापडू लागले, तो प्रयोग याच्या पुढचा आहे. एका पेटीत दोन नरांनी दोन टोकांना आपापल्या हद्दी केल्या. टिनबर्गेन यांनी प्रत्येकाला काचेच्या एकेका रुंद नळीत घेतले. मग दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरून पहिल्याच्या हद्दीत नेल्या. पहिला नळीच्या आतून हल्ला करू लागला आणि दुसरा पळून जाण्याची धडपड करू लागला. नंतर दोन्ही नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या. क्षणात पारडे फिरले. मघाचा शूर आता भेदरला आणि मघाचा भित्रा चवताळला.

याचा अर्थ काय? एक मासा शूर आणि दुसरा भित्रा, असे नसतेच. दोघांत चढाई आणि भीती या दोन्ही गोष्टी असतात. कोणती वरचढ ठरेल, हे जागेवर अवलंबून असते. घरट्याजवळ चढाई जास्त, परक्या जागेत भीती जास्त. आणि जेथे दोन्ही सारख्या होतात, तीच हद्द! तेथे दोन नर समोरासमोर आले, की ते डोके खाली आणि शेपटी वर करून उभे राहतात आणि तोंडाने वाळू उकरू लागतात. चावता येत नाही, पळताही येत नाही; म्हणून वाळू उकरायची. हेरिंग गल या समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींत टिनबर्गेन यांना हेच दिसले. हद्दीवर समोरासमोर आलेले दोन पक्षी चोचीने गवत उपटतात. दिसायला हा मोठा आवेश, पण त्यात रक्त क्वचितच सांडते. एकमेकांना धमकावून हद्द ठरते आणि हद्द ठरली, की दोघांनाही आपापल्या पिल्लांकडे पाहायला सवड मिळते. मी समजत होते, की हद्द म्हणजे भांडणाचे मूळ. पण या मुक्या जिवांमध्ये हद्द हा भांडण आवरण्याचाही मार्ग आहे!

1936 मध्ये लायडन येथे एका परिषदेत टिनबर्गेन यांची ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांच्याशी भेट झाली. लोरेन्झ कल्पनेच्या भरारीचे, तर टिनबर्गेन प्रयोगाने प्रत्येक पायरी तपासणारे. दोघांची गट्टी जमली. 1937 च्या वसंतात टिनबर्गेन अल्टेनबर्ग येथे लोरेन्झ यांच्या घरी काही महिने राहिले आणि घरट्याबाहेर गेलेले अंडे हंसिणी चोचीने परत कसे ओढून घेतात, याचा दोघांनी मिळून अभ्यास केला. प्राण्यांच्या वर्तनाचे नवे शास्त्र या मैत्रीतून उभे राहिले, असे म्हटले तरी चालेल.

पण काळ फिरला. 1938 मध्ये लोरेन्झ नाझी पक्षाचे सभासद झाले आणि वंशशुद्धीच्या विचाराला पोषक असे लिखाणही त्यांनी केले. मे 1940 मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसले. मासे आणि पक्षी यांच्या हद्दी मोजणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या देशाचीच हद्द मोडली गेली. लायडन विद्यापीठातील ज्यू प्राध्यापकांना काढून टाकण्यात आले, तेव्हा विद्यापीठाने निषेध केला. पुढे विद्यापीठ नाझी विचाराच्या ताब्यात देण्याचा डाव दिसताच बहुसंख्य अध्यापकांनी राजीनामे दिले. टिनबर्गेन त्यांत होते. 1942 मध्ये त्यांना अटक झाली आणि सिंट मिखिल्सगेस्टेल येथील छावणीत ओलीस म्हणून ठेवण्यात आले. ओलीस म्हणजे काय, तर बाहेर कोणी जर्मनांविरुद्ध घातपात केला, तर त्याचा सूड म्हणून यांतल्या कोणालाही गोळी घालायची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशा पाच ओलिसांना खरोखरच मारण्यात आले होते.

दोन वर्षे टिनबर्गेन या छावणीत होते. उद्याचा भरवसा नसलेल्या त्या दिवसांत त्यांनी काय केले? आपल्या मुलांसाठी चित्रे काढून गोष्टी लिहिल्या. एक गोष्ट समुद्रपक्ष्याच्या पिल्लाची आणि एक स्टिकलबॅक माशाची. युद्धानंतर त्यांची पुस्तके झाली. बंदिवासातला बाप मुलांना शत्रूची नव्हे, तर घरटे राखणाऱ्या एका माशाची गोष्ट सांगतो, हे वाचून माझे मन भरून आले.

युद्ध संपले, तरी जखम लगेच भरली नाही. जर्मन सहकाऱ्यांशी ताबडतोब पूर्वीसारखे संबंध ठेवणे टिनबर्गेन यांना जमले नाही, आणि ते जमायला हवे होते असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? लोरेन्झ रशियनांच्या कैदेत सापडले होते. ते 1948 मध्ये सुटून आले. 1949 मध्ये केंब्रिज येथे विल्यम थॉर्प या शास्त्रज्ञाच्या घरी हे दोन मित्र पुन्हा भेटले. एक नाझींचा कैदी राहिलेला, दुसरा नाझी पक्षाचा सभासद राहिलेला. तरी मैत्री पुन्हा जुळली. झाले ते झालेच नाही, असे टिनबर्गेन यांनी मानले नाही. पण त्यांनी दारही कायमचे लावून घेतले नाही.

त्याच वर्षी लायडनचे प्राध्यापकपद सोडून ते ऑक्सफर्डला गेले. 1951 मध्ये सहजप्रवृत्तींवरचा त्यांचा मुख्य ग्रंथ आणि 1953 मध्ये हेरिंग गल पक्ष्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. डेस्मंड मॉरिस आणि रिचर्ड डॉकिन्स हे त्यांचे विद्यार्थी. 1963 मध्ये त्यांनी कोणत्याही वर्तनाला विचारायचे चार प्रश्न मांडले. ते वर्तन कशाने सुरू होते? प्राण्याच्या आयुष्यात ते कसे घडत जाते? जगण्यासाठी त्याचा उपयोग काय? आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या उत्क्रांतीत ते कसे आले? आजही या शास्त्राचे विद्यार्थी येथूनच आरंभ करतात.

याच सुमारास जगात एक विचार पसरला होता. लोरेन्झ यांचे आक्रमकतेवरील पुस्तक 1963 मध्ये आले, रॉबर्ट आर्ड्री या लेखकाचे हद्दीच्या प्रेरणेवरील पुस्तक 1966 मध्ये आले, आणि माणूस मुळातच हद्दीसाठी लढणारा प्राणी आहे, असे लोक म्हणू लागले. आमच्या गावातल्या जाणत्यांचे मत ते हेच! 1968 मध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून दिलेल्या व्याख्यानात टिनबर्गेन यांनी या प्रश्नाला हात घातला. प्राण्यांवरून माणसाविषयी सरसकट निष्कर्ष काढू नयेत, असे त्यांनी बजावले. माशाकडून किंवा पक्ष्याकडून उत्तर उसने घ्यायचे नाही, तर अभ्यासाची रीत घ्यायची, आणि माणसाकडे तितक्याच धीराने पाहायचे, हा त्यांचा आग्रह होता. माणसातही गटागटाने हद्द राखण्याची प्रवृत्ती असावी, असे त्यांना वाटत होते. पण ते तेथे थांबले नाहीत. माशाच्या चढाईला भीतीचा लगाम असतो, तो माणसाने आपल्या हातांनी तोडला, हा त्यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. माघार घेणे म्हणजे भ्याडपणा, असे आपण मुलांना शिकवतो, म्हणून हरणाऱ्याला पळता येत नाही. दुरून मारणारी शस्त्रे केली, म्हणून समोरच्याचा भेदरलेला चेहरा मारणाऱ्याला दिसत नाही आणि त्याचा हात थांबत नाही. म्हणजे दोष प्रवृत्तीचा असेल त्यापेक्षा आपल्या शिकवणुकीचा जास्त आहे. आणि जे शिकवले जाते, ते बदलता येते.

प्राणी आपल्या जातभाईंना सहसा मारीत नाहीत, ही त्या पिढीची समजूत पुढे काहीशी दुरुस्त करावी लागली. 1974 पासून आफ्रिकेतील गोम्बे येथे चिंपांझींच्या एका टोळीने शेजारच्या टोळीतील नरांना एकेक करून ठार केल्याचे जेन गुडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले. तेव्हा निसर्ग सगळाच शहाणा, असे म्हणून चालणार नाही. परंतु यामुळे टिनबर्गेन यांची सूचना अधिकच पटते. निसर्गाकडे पाहून आपल्या भांडणाला सबबही शोधू नये आणि आदर्शही शोधू नये.

1973 मध्ये लोरेन्झ, कार्ल फॉन फ्रिश आणि टिनबर्गेन या तिघांना मिळून वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. छावणीतला कैदी आणि त्याचा तो मित्र एकाच व्यासपीठावर आले. एकाच घरात दोन भावांना नोबेल मिळावे, हेही विरळाच. पण टिनबर्गेन यांचे आयुष्य सुखाचेच होते असे नाही. धाकटा भाऊ लूक, तोही पक्ष्यांचा अभ्यासक, 1955 मध्ये आत्महत्या करून गेला. स्वतः टिनबर्गेन यांनाही खिन्नतेच्या विकाराने वर्षानुवर्षे छळले. उतारवयात त्यांनी पत्नीबरोबर आत्ममग्न मुलांवर काम केले; त्यांचे त्यातले निष्कर्ष मात्र तज्ज्ञांना मान्य झाले नाहीत. 21 डिसेंबर 1988 रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा रात्री ओसरीवर बसून मी आण्णांना नळ्यांतल्या त्या दोन माशांची हकीकत सांगितली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मी काय शिकते याचे आण्णांना कौतुक असते. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि एकच विचारले, की बरोबर मधल्या जागी मासे काय करतात. मी म्हटले, दोघेही वाळू उकरतात. आण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की दर पेरणीला आपण आणि आपला भाऊ दुसरे काय करतो?

खटल्याची पुढची तारीख लागलेली आहे आणि तिचा निकाल माझ्या हाती नाही. आण्णा चुलत्यांशी बोलू लागतील, असेही मी म्हणत नाही. पण भांडण रक्तातच असते, असे आमच्या ओसरीवर आता कोणी म्हणाले, तर मी गप्प बसणार नाही. ग्रीनलंडची पिल्ले वयात येताच हद्द शिकतात, हे खरे. पण माणूस वयात आल्यावर आणखीही काही शिकू शकतो, हे टिनबर्गेन यांचे आयुष्य सांगते. येत्या संक्रांतीला मी बहिणीच्या सासरी तिळगूळ घेऊन जाणार आहे. आण्णांना तसे सांगितले आहे, आणि त्यांनी नको म्हटलेले नाही.